द्रावक बदलला की चमक का बदलते? क्वांटम डॉटमधलं भारस्थानांतर मोजायची पद्धत

समजा, कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक, टोल्युइनमध्ये आहेत. त्यात चिमूटभर बेंझोक्विनोन घातलं (ते डॉटमधला इलेक्ट्रॉन ओढून घेतं, आणि इलेक्ट्रॉन गेला की डॉट चमकत नाही) आणि चमक निम्म्यावर आली. मग तेच डॉट आणि तेवढंच बेंझोक्विनोन डायक्लोरोमिथेनमध्ये घेतलं, तर चमक जेमतेम पाव भागाने उतरली. लगेच वहीत लिहिलं जातं: ‘ध्रुवीय द्रावकात इलेक्ट्रॉन हळू जातो.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. चमक दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे डॉटवर चिकटलेल्या एका रेणूकडे इलेक्ट्रॉन किती लवकर उडी मारतो, आणि दुसरी म्हणजे असे किती रेणू चिकटलेले आहेत. द्रावक दोन्ही बदलतो, आणि दुसरी गोष्ट सहसा जास्त बदलतो. या लेखातली सगळी खटपट या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी आहे.

आधी कागदावर

रुडॉल्फ मार्कस यांना १९९२ सालचं नोबेल ज्या सिद्धांतासाठी मिळालं, त्यात इलेक्ट्रॉन जाण्याचा दर तीन गोष्टींवर ठरतो: दाता (इथे डॉट) आणि ग्राही (इथे बेंझोक्विनोन) यांच्यातली जोडणी, प्रेरक ऊर्जा (इलेक्ट्रॉन गेल्याने मोकळी होणारी) आणि पुनर्रचना ऊर्जा. इलेक्ट्रॉन गेल्यावर भोवतीच्या द्रावकाच्या रेणूंना नव्याने वळून बसावं लागतं. त्याची किंमत म्हणजे पुनर्रचना ऊर्जा. तिचा द्रावकाचा भाग ‘१ ÷ अपवर्तनांकाचा वर्ग’ वजा ‘१ ÷ पराविद्युत स्थिरांक’ या संख्येच्या प्रमाणात असतो. तिला इथे ध्रुवी घटक म्हणू.

| द्रावक | पराविद्युत स्थिरांक | अपवर्तनांक | ध्रुवी घटक | श्यानता (मिलिपास्कल-सेकंद) |
|---|---|---|---|---|
| हेक्झेन | १.८८ | १.३७५ | ० | ०.३० |
| टोल्युइन | २.३८ | १.४९७ | ०.०३ | ०.५६ |
| क्लोरोबेंझीन | ५.६ | १.५२५ | ०.२५ | ०.७५ |
| टेट्राहायड्रोफ्युरान | ७.६ | १.४०७ | ०.३७ | ०.४६ |
| डायक्लोरोमिथेन | ८.९ | १.४२४ | ०.३८ | ०.४१ |

डॉटची त्रिज्या १.५ नॅनोमीटर, बेंझोक्विनोनची ०.३५ आणि दोन केंद्रांमधलं अंतर १.८५ नॅनोमीटर धरलं, तर ध्रुवी घटकाला सुमारे १.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने गुणायचं. टोल्युइनमध्ये पुनर्रचना ऊर्जा ०.०५ येते, डायक्लोरोमिथेनमध्ये ०.६७. प्रत्यक्षात ती याहून कमी असते, कारण डॉट स्वतः बराच ध्रुवणक्षम आहे आणि लिगंडचा, म्हणजे डॉटच्या पृष्ठभागाला धरून बसलेल्या रेणूंचा, थर द्रावकाला पृष्ठभागापासून दूर ठेवतो.

फरक मोठा दिसतो खरा, पण इथेच एक गंमत आहे. डॉट आणि बेंझोक्विनोन दोघेही आधी उदासीन असतात आणि इलेक्ट्रॉन गेल्यावर भारित होतात. ध्रुवीय द्रावक या भारित जोडीला सावरतो, म्हणून प्रेरक ऊर्जाही वाढते. हिशेब केला तर टोल्युइनमधून डायक्लोरोमिथेनमध्ये जाताना पुनर्रचना ऊर्जा ०.६२ ने वाढते आणि प्रेरक ऊर्जा ०.५४ ने. सूत्रात या दोघींची बेरीज येते (प्रेरक ऊर्जा ऋण चिन्हाने), आणि त्या बेरजेतला पराविद्युत स्थिरांक चक्क कटून जातो. उरतो तो फक्त अपवर्तनांक, म्हणजे ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक. बेरजेचा वर्ग ज्या पुनर्रचना ऊर्जेने भागला जातो ती मात्र बदलते, त्यामुळे परिणाम शून्य होत नाही. पण ‘ध्रुवीयता वाढली की दर घटला’ असा सरळ नियमही निघत नाही.

याच कारणाने बेंझोक्विनोनचं अॅसिटोनायट्राइलमध्ये मोजलेलं विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप) उचलून टोल्युइनच्या गणितात घालू नये. ही चूक छापील लेखांतही सापडते.

मार्कसच्या सूत्रात प्रेरक ऊर्जा फार वाढली की दर पुन्हा घटायला हवा. क्वांटम डॉटमध्ये ती घट शोधत बसू नका. एमरी विद्यापीठातल्या तियानक्वान लियान यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की जादाची ऊर्जा डॉटमधला होल (उद्दीपित इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली धन भाराची जागा) उचलतो, त्यामुळे दर खाली येत नाही.

द्रावक जोडीने निवडा

पाच द्रावक घेऊन एका रेषेवर बिंदू मांडायचे, ही नेहमीची रीत. त्यापेक्षा जोड्यांनी विचार करा. टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायक्लोरोमिथेन यांचा ध्रुवी घटक जवळपास सारखा आहे, आणि प्रेरक ऊर्जेतला फरक कागदावर ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत राहतो. या दोघांत चमक वेगळी उतरली, तर कारण ध्रुवीयता असूच शकत नाही. टेट्राहायड्रोफ्युरानचा ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या कॅडमियमला धरतो आणि बेंझोक्विनोनची जागा अडवतो. डायक्लोरोमिथेन तसं करत नाही.

टोल्युइन आणि क्लोरोबेंझीन ही दुसरी जोडी. दोन्ही सुगंधी, विरघळवण्याची वागणूक मिळतीजुळती, पण ध्रुवी घटक ०.०३ वरून ०.२५ वर जातो. ध्रुवीयतेचा परिणाम पाहायचा तर तो या जोडीत पाहावा. हेक्झेन आणि टोल्युइन यांचा ध्रुवी घटक सारखा असला, तरी हेक्झेनमध्ये प्रेरक ऊर्जा सुमारे ०.२ ने कमी पडते, म्हणून ही जोडी तितकी निर्मळ नाही.

क्लोरोफॉर्म यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. बाजारातल्या बाटलीत स्थिरक म्हणून इथेनॉल असतं, ते लिगंड सोडवतं. जुन्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार झालेलं असतं, ते डॉट कुरतडतं.

डॉटची तयारी

ओलिएट लिगंडचे, पहिला शोषण-शिखर ५५० नॅनोमीटरला असलेले कॅडमियम सेलेनाइडचे डॉट घ्या. व्यास साधारण ३ नॅनोमीटर आणि त्या शिखरावर मोलर शोषणांक सुमारे १,१०,००० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. त्यावर जस्त सल्फाइडचे दोन-तीन थर चढवलेले असावेत. याची दोन कारणं. उघड्या डॉटवर चिकटलेल्या बेंझोक्विनोनकडे इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांतच जातो, आणि चमकेचा आयुष्यकाल मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्राला तो दिसतही नाही. लियान यांच्याच गटाने अँथ्राक्विनोन घेऊन दाखवलं की जस्त सल्फाइडच्या दर अँगस्ट्रॉमला इलेक्ट्रॉनचा दर घातांकी पद्धतीने घटतो, गुणक ०.३५. तीन थर म्हणजे जवळपास ९ अँगस्ट्रॉम, म्हणजे दर पंचवीसेक पट कमी. दुसरं कारण, थरामुळे पृष्ठभागावरचे सापळे (भार अडकून चमक विझते अशा जागा) झाकले जातात आणि द्रावक बदलल्यावर चमक उगाच हेलकावे खात नाही. संहती मात्र थर चढवण्याआधीच्या वर्णपटावरून काढा.

ओलिअलअमीन वापरून केलेले डॉट इथे चालणार नाहीत. बेंझोक्विनोन अमीनशी थेट अभिक्रिया करतं, द्रावण तपकिरी होतं आणि आपण मोजतो ते भलतंच. थायॉलचंही तेच.

धुण्यासाठी टोल्युइनमधल्या १ मिलिलिटर द्रावणात अॅसिटोन थेंबाथेंबाने घाला. द्रावण गढूळ झालं की थांबा, साधारण १ ते २ मिलिलिटर लागतं. ५,००० फेऱ्यांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी टाका (प्रयोगशाळेत त्याला ‘पाणी’च म्हणतात, असतं ते अॅसिटोन-टोल्युइन), गाळ पुन्हा टोल्युइनमध्ये घ्या. हे दोनदा करा. एकदाच धुतलं तर सुटं ओलिइक आम्ल उरतं आणि बेंझोक्विनोनशी जागेसाठी भांडतं. चारदा धुतलं तर चिकटलेले लिगंडही निघतात आणि चमक पडते. मिथेनॉल टाळा, त्याचा प्रोटॉन ओलिएटला आम्ल करून सोडवून नेतो.

आता द्रावक बदलायचा. धुतलेल्या साठ्याचे पाच समान भाग पाच काचेच्या कुप्यांत घ्या. नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली टोल्युइन उडवा, तापवू नका. कुपीच्या तळाशी ओलसर लाल पापुद्रा दिसला की लगेच नवा द्रावक घाला. पापुद्रा रात्रभर कोरडा राहिला की तो नीट विरघळत नाही. प्रत्येक कुपीतला साठा पहिल्या शिखरावर शोषकता १.० येईल असा जुळवा. त्याची संहती सुमारे ९ मायक्रोमोलर होते.

इथे एक तपासणी चुकवायची नाही. पाचही साठ्यांचे शोषण-वर्णपट एकावर एक ठेवून पाहा. निव्वळ द्रावकामुळे पहिलं शिखर फार तर १–२ नॅनोमीटर सरकतं. त्याहून जास्त निळीकडे गेलं तर डॉट कुरतडले जात आहेत. ७०० नॅनोमीटरला शोषकता ०.००५ च्या वर असेल तर गुठळ्या झाल्या आहेत, आणि चमकेचं शिखर लालकडे सरकलेलं सापडेल. तो साठा बाद.

बेंझोक्विनोन

ग्राही म्हणून बेंझोक्विनोनच का? डॉट साधारण ५६० नॅनोमीटरला चमकतो आणि तिथे बेंझोक्विनोन काहीच शोषत नाही. त्यामुळे चमक उतरली तर ऊर्जा-स्थानांतराची शंका उरत नाही. शिवाय ते पाचही द्रावकांत विरघळतं, हेक्झेनमध्ये मात्र थोडंच.

बाटलीतले स्फटिक पिवळेधमक असावेत. तपकिरी झाले असतील तर संप्लवनाने शुद्ध करा: तळाला हलकी ऊब, वर गार काच, काचेवर पिवळ्या सुया जमतात. वाफ डोळ्यांना झोंबते आणि बोटं डागाळतात, म्हणून हे धूर-कपाटातच. रेणुवस्तुमान १०८.१, म्हणजे १०.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलर साठा झाला. हेक्झेनसाठी २ मिलिमोलर करा आणि पुढे बेंझोक्विनोनच्या साठ्याची सगळी मापं पाचपट घ्या. साठा त्याच दिवशी वापरा, अंधारात ठेवा.

कुप्या भरणे

एकाच क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत) बेंझोक्विनोन वाढवत नेण्याचा मोह टाळा. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं. उन्हाळ्यात झाकण चार वेळा उघडलं की संहती आपली राहत नाही. प्रत्येक द्रावकासाठी सहा वेगळ्या कुप्या भरा, एकूण आकारमान ३.०० मिलिलिटर:

१. डॉटचा साठा ०.३० मिलिलिटर प्रत्येकीत. शोषकता ०.१ आणि संहती ०.९ मायक्रोमोलर होते.

२. बेंझोक्विनोनचा साठा ०, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मायक्रोलिटर. म्हणजे संहती ०, ०.०५, ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ मिलिमोलर.

३. उरलेला शुद्ध द्रावक.

ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तो आधी काढायचा. मिसळल्यावर वायू सोडलात तर बेंझोक्विनोन आणि द्रावक दोन्ही उडून जातात. शुद्ध द्रावकातून १५ मिनिटं नायट्रोजन सोडा, आणि तो वायू आधी त्याच द्रावकाच्या बुडबुड्याच्या बाटलीतून येऊ द्या. मुंबई-कोकणात जुलैमध्ये उघडं ठेवलेलं टेट्राहायड्रोफ्युरान पाणी ओढून घेतं, त्यासाठी आण्विक चाळणीचे मणी हवेत. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये पेरॉक्साइड पट्टी बुडवून पाहा, पेरॉक्साइड डॉटचं ऑक्सिडीकरण करतं. बाटलीवर स्थिरक म्हणून बीएचटी लिहिलं असेल तर तो फिनॉल आहे हे ध्यानात ठेवा; स्थिरकाशिवायची बाटली घ्या किंवा ताजं ऊर्ध्वपातन करा.

बेंझोक्विनोन मिसळल्यावर १०, ३० आणि ६० मिनिटांनी चमक पाहा. ती स्थिर राहिली तर समतोल साधला. सतत घसरत राहिली तर तिथे अभिक्रिया चालू आहे, मोजणी व्यर्थ.

मोजणी

स्थिर चमकेसाठी ५०० नॅनोमीटरने उद्दीपित करा. तिथे बेंझोक्विनोनचं शोषण नगण्य असतं. प्रत्येक कुपीची चमक तिच्याच द्रावकातल्या शून्य कुपीशी ताडायची. टोल्युइनची चमक थेट डायक्लोरोमिथेनशी ताडली तर निव्वळ अपवर्तनांकाच्या वर्गामुळे १० टक्क्यांची चूक शिरते.

आयुष्यकालासाठी ४०५ नॅनोमीटरचा स्पंद-लेझर चालेल. डॉटची शेपटी लांब असते, म्हणून दोन स्पंदांत किमान ५०० नॅनोसेकंद ठेवा, म्हणजे २ मेगाहर्ट्झ. मोजलेले फोटॉन स्पंदांच्या १ टक्क्याच्या आत हवेत, सेकंदाला २०,००० पुरे. जास्त घेतले तर यंत्र लवकर आलेलेच फोटॉन पकडतं आणि आयुष्यकाल खोटा लहान दिसतो. लेझर इतका मंद ठेवा की दर स्पंदाला दहातल्या एकाही डॉटमध्ये उद्दीपन होणार नाही.

बेंझोक्विनोन नसतानाचा आयुष्यकालही प्रत्येक द्रावकात वेगळा मोजा. तो अपवर्तनांकाने बदलतो, पृष्ठभागाच्या अवस्थेनेही बदलतो. टोल्युइनमधला आकडा सगळीकडे वापरणं ही सर्वांत सामान्य चूक.

हिशेब: चिकटलेले आणि धडकलेले

आता सुरुवातीचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आयुष्यकाल २० नॅनोसेकंद, बेंझोक्विनोन ०.४ मिलिमोलर.

न चिकटलेला रेणू डॉटला येऊन धडकला तर कितपत चमक मारू शकतो, याला वरची मर्यादा आहे. ती श्यानतेवरून निघते. टोल्युइनमध्ये लिगंडसकट ३ नॅनोमीटर त्रिज्येचा डॉट आणि ०.३५ ची बेंझोक्विनोन धरली, तर धडकेचा दर सुमारे ३० अब्ज प्रति मोलर प्रति सेकंद येतो. त्याला २० नॅनोसेकंदांनी गुणलं की ६०० प्रति मोलर. ०.४ मिलिमोलरला चमकेचं गुणोत्तर (मूळ भागिले उरलेली) जास्तीत जास्त १.२४ होईल. मोजलेलं आलं २.०. २.० ला १.२४ ने भागून उरलेले १.६१ चिकटलेल्या रेणूंच्या खाती. चिकटणं यादृच्छिक असतं, त्यामुळे एकही रेणू नसलेल्या डॉटचं प्रमाण प्वासाँ वाटणीने ठरतं, आणि १.६१ चा नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे डॉटमागे सरासरी ०.४८ रेणू. धडकेचा आकडा कमाल धरला असल्याने हा किमान आहे.

डायक्लोरोमिथेन पातळ आहे, म्हणून धडकेचा दर ४३ अब्ज आणि गुणोत्तर १.३४ पर्यंत निव्वळ धडकांनी जाऊ शकतं. मोजलेलं १.३५. म्हणजे एकही रेणू चिकटलेला नसला तरी हे निरीक्षण समजावता येतं. ‘ध्रुवीय द्रावकात इलेक्ट्रॉन हळू जातो’ या वाक्याला आता कुठलाच आधार उरत नाही: डायक्लोरोमिथेनने बेंझोक्विनोनला पृष्ठभागावरून उचलून स्वतःत घेतलं असेल, एवढंच.

खरा दर आयुष्यकालाच्या वक्रातून काढायचा. चिकटलेल्या रेणूंची हीच प्वासाँ वाटणी धरणाऱ्या ताचिया यांच्या प्रतिमानात बेंझोक्विनोन असलेला वक्र म्हणजे नसलेला वक्र गुणिले एक घटक. तो घटक म्हणजे ई (नैसर्गिक लॉगरिदमचा पाया) चा एक घात, आणि त्याचा घातांक ऋण ‘म × (१ − ई चा ऋण दर × वेळ घात)’ असा असतो. ‘म’ म्हणजे डॉटमागे चिकटलेले सरासरी रेणू, आणि दर एका रेणूमागचा. सहाही कुप्यांचे वक्र एकाच वेळी जुळवा: दर सगळ्यांना एकच, ‘म’ प्रत्येकीचा वेगळा. ‘म’ संहतीबरोबर आधी सरळ वाढतो, पुढे जागा भरल्या की वाकतो. एकेक वक्र स्वतंत्र जुळवल्यावर संहतीबरोबर दरच वाढताना दिसला, तर धडकांचा वाटा वेगळा धरलेला नाही किंवा गुठळ्या आहेत.

आणि वक्राचा आकार अजिबात न बदलता नुसती उंची पडत असेल, तर दर यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. तेव्हा फक्त ‘म’ सांगता येतो. दर हवा असेल तर क्षणिक शोषण-मापनाकडे (पिकोसेकंदांत शोषण कसं बदलतं ते पाहणाऱ्या पद्धतीकडे) जावं लागतं किंवा आणखी एखादा थर चढवावा लागतो. अशा वक्रातून ओढूनताणून काढलेला दर छापू नये.

पाण्यात जायचं असेल तर

पाण्यासाठी लिगंड बदलावा लागतो, सहसा मर्कॅप्टोप्रोपिओनिक आम्ल, सामू ९ च्या आसपास. थायॉल कॅडमियम सेलेनाइडमधला होल पकडतं, त्यामुळे बेंझोक्विनोन येण्याआधीच डॉटचं वागणं बदललेलं असतं. टोल्युइनचा आणि पाण्याचा बिंदू एकाच आलेखावर मांडू नका; तिथे द्रावकाबरोबर लिगंडही बदललेला आहे.

पाण्यात ग्राही म्हणून मिथाइल व्हायोलोजेन घेतात. त्याचं क्लोराइड म्हणजे शेतात तणनाशक म्हणून फवारतात ते पॅराक्वाट. त्यावर उतारा नाही, तेव्हा तोंडाने पिपेट ओढणं वगैरे जुने प्रकार इथे जीवघेणे ठरतात. त्याचे दोन धन भार कार्बोक्झिलेटच्या ऋण थराला चिकटतात, म्हणून चमक झपाट्याने उतरते. ही ओढ किती आणि इलेक्ट्रॉनचा दर किती, हे मिठाने कळतं: १०० मिलिमोलर मीठ घातलं की विद्युत ओढ सुमारे १ नॅनोमीटरमध्येच विरते, १ मिलिमोलरला ती १० नॅनोमीटरपर्यंत पोचत असते. मीठ घातल्यावर चमक वर आली तर चिकटणं सुटलं. ताडून पाहायला डॉट एकटे घेऊन त्यातही तेवढंच मीठ घाला, कारण मिठाने डॉटच्या गुठळ्या होऊन चमक उलट पडूही शकते.

कॅडमियमचा कचरा आणि क्लोरीनयुक्त द्रावक वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, बेसिनमध्ये काहीही ओतू नका. डायक्लोरोमिथेन साध्या नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार येतं. थेंब सांडला की हातमोजा लगेच बदलायचा.